दुष्ट माणसे आणि दुष्टपणा

शाळेच्या प्रार्थनेत आणि कीर्तनाच्या शेवटी म्हटले जाणारे पसायदान आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पुरी झाली आणि अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनी विश्वात्मक देवापाशी हे मागणे मागितले. त्यातली एक गोष्ट, बहुधा पाठांतरामुळेच, आपल्या लक्षात येत नाही. दुष्टांचा नाश व्हावा असे ज्ञानेश्वर मागत नाहीत. दुष्टांच्या मनातला वाकडेपणा गळून पडावा आणि चांगल्या कामाची त्यांची ओढ वाढावी, एवढेच ते मागतात. हे मागणे सहज सुचण्यासारखे नव्हते. पुराणांतला राक्षस शेवटी मारला जातो. ज्या गीतेवर ज्ञानेश्वर भाष्य करीत होते, तिच्यातही दुष्टांच्या विनाशासाठी अवतार घेण्याचे वचन आहे. शिवाय संन्याशाची मुले म्हणून समाजाने बाहेर ठेवलेल्या चार भावंडांपैकी ते एक होते, हे परंपरा आपल्याला सांगते. छळणाऱ्यांविषयी कडवट बोलण्याचा अधिकार त्यांच्याइतका फार थोड्यांना असेल. आपण या मागण्याला संताची क्षमाशीलता म्हणतो आणि हात जोडून पुढे जातो. मला त्यात क्षमेपेक्षा निदान अधिक दिसते. दुष्ट ही माणसांची निराळी जात नाही. दुष्टपणा ही माणसाला जडणारी, आणि म्हणून सुटू शकणारी, गोष्ट आहे, असे ते निदान आहे. ते खरे आहे, असे मला आज मांडायचे आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. तेराव्या शतकातल्या संताने काहीही मागावे. पण विसाव्या शतकाने जे पाहिले, त्यानंतर असे म्हणता येईल का? लाखो निरपराधांना मारणारी माणसे आपल्यासारखीच होती, हे कसे मानायचे? दुर्दैवाने पुरावा तेच सांगतो. हिटलरच्या राजवटीत जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातून राखीव पोलिसांची एक बटालियन पोलंडमध्ये पाठवली गेली. तिचा क्रमांक १०१. सुमारे पाचशे माणसे, बरीचशी मध्यमवयीन आणि संसारी. कुणी गोदीकामगार, कुणी ट्रकचालक, कुणी कारकून. १३ जुलै १९४२ रोजी युझेफुफ नावाच्या गावात त्यांना ज्यूंना गोळ्या घालण्याचा हुकूम मिळाला. हुकूम सांगताना त्यांच्या मेजरचा आवाज कापत होता, आणि ज्या वयस्कर शिपायांना हे काम झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावे, अशी मुभाही त्याने दिली. त्या वेळी पुढे आले फक्त दहा-बारा जण. त्यांना कसलीही शिक्षा झाली नाही. उरलेल्यांनी त्या एका दिवसात सुमारे दीड हजार माणसे मारली, त्यांत बायका होत्या, मुले होती. पुढे १९६०च्या दशकात या शिपायांचे जबाब नोंदवले गेले. ते वाचून क्रिस्तोफर ब्राउनिंग या इतिहासकाराने १९९२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच त्यांना सामान्य माणसे म्हटले. जिवाच्या भीतीपेक्षा सोबत्यांच्या नजरेतून उतरण्याची लाज त्यांना अधिक जड गेली, असे त्याच्या मांडणीतून दिसते. दुसऱ्या एका अभ्यासकाने, डॅनियल गोल्डहेगनने, याला कडाडून विरोध केला. ही माणसे सामान्य नव्हती, ज्यूंचा द्वेष त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरला होता, असे त्याचे म्हणणे. ते क्षणभर पूर्ण मान्य करू. तरी मुरलेला द्वेष म्हणजे शिकवलेला द्वेष. तो घेऊन कुणी जन्माला आले नव्हते.

हे ओळखायला आपल्याला पोलंडपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. महाभारतातले द्यूतसभेचे प्रकरण शांतपणे वाचावे. दुःशासन द्रौपदीला ओढून आणतो, त्याच्यामागे दुर्योधन आणि कर्ण आहेत, हे तर आहेच. पण व्यासांनी त्या सभेत भीष्म, द्रोण, कृप बसवले आहेत आणि द्रौपदीचा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवला आहे. भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगतात आणि निर्णय देत नाहीत. ते दुष्ट नाहीत. त्यांच्याइतका व्रतस्थ पुरुष साऱ्या ग्रंथात शोधावा लागेल. आणि त्या सभेत अन्याय झाला असे स्पष्ट कोण म्हणतो? विकर्ण, धृतराष्ट्राचाच एक मुलगा, दुर्योधनाचा सख्खा भाऊ. महाकाव्याला पांडव चांगले आणि कौरव वाईट एवढेच सांगायचे असते, तर विकर्णाची गरजच नव्हती. चांगल्या-वाईटाची रेषा कवीने दोन घराण्यांमधून काढली नाही, एकेका माणसाच्या आतून काढली. आपल्या काळात विजय तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये हेच केले. तिथे खलनायक नाही. हौशी नाटक मंडळींचा एक घोळका आहे, वेळ घालवायला अभिरूप खटला चालवणारा, आणि बघता बघता तो लीला बेणारेचे आयुष्य चव्हाट्यावर आणून तिला चिरडतो. त्यांतल्या प्रत्येकाला आपण नीतीची बाजू घेत आहोत असेच वाटत असते. प्रेक्षक अस्वस्थ होतो, कारण ही माणसे त्याच्या ओळखीची असतात.

कुणी म्हणेल, असा विचार केला तर गुन्हेगाराला मोकळीकच मिळते. परिस्थितीने घडवले, सोबत्यांनी ढकलले, मग दोष कुणाचा? हा आक्षेप गंभीर आहे, कारण त्यामागे पीडितांचे दुःख उभे आहे. पण नीट पाहिले तर उलटच आहे. राक्षसाला दोष देता येत नाही. तो त्याच्या स्वभावाप्रमाणे वागला. दोष माणसालाच देता येतो, कारण त्याला वेगळे वागता आले असते. युझेफुफमध्ये बाजूला झालेले दहा-बारा जण आणि कौरवसभेत उभा राहिलेला विकर्ण हेच तर सिद्ध करतात. ज्ञानेश्वरही वाईटाकडे डोळेझाक करीत नाहीत. सोळाव्या अध्यायात दंभ, दर्प, क्रोध यांचे वर्णन करताना त्यांची भाषा विलक्षण कठोर होते. वाकडेपणाला तो वाकडेपणा आहे असे ठणकावून सांगायचे आणि माणूस मात्र त्यात संपला असे मानायचे नाही, ही भूमिका मऊ नाही. शिक्षेला तिच्यात पूर्ण जागा आहे, सूडाला नाही.

याहून अवघड आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे आणि तो टाळून हा विषय प्रामाणिकपणे बोलताच येणार नाही. संतांनी देवापुढे सगळे समान आहेत असे सांगितले, पण जातिव्यवस्थेवर घाव घातला नाही, असे त्यांनी बजावले. शतकानुशतके वारी चालली, अभंग गायले गेले, आणि अस्पृश्य मंदिराच्या पायरीपाशीच राहिले. मग मनातला वाकडेपणा जावो या प्रार्थनेने काय साधले? १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी लिहिलेले आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे स्वतःच्या खर्चाने छापलेले भाषण, म्हणजे ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’, या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्यात ते सांगतात की हिंदू जात पाळतात ते अमानुष किंवा विपरीत बुद्धीचे आहेत म्हणून नव्हे, ते धर्मनिष्ठ आहेत म्हणून. चूक जात पाळायला शिकवणाऱ्या धर्माची आहे; म्हणून शास्त्रांचे प्रामाण्यच गेले पाहिजे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांना पाणवठ्यावरून हाकलले त्यांनाही बाबासाहेब राक्षस म्हणत नाहीत, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. ज्ञानेश्वरांचे निदान ते नाकारत नाहीत, पुढे नेतात. वाकडेपणा मनात असतो तसा तो ग्रंथात, रूढीत, पाणवठ्याच्या वहिवाटीत गोठून राहतो, आणि तिथे गोठला की सज्जन माणूसही कसलीच टोचणी न लागता त्याची अंमलबजावणी करतो. अशा दुष्टपणाला केवळ हृदयपरिवर्तन पुरत नाही. त्याला मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर गेलेली माणसे लागतात, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथेच झालेले मनुस्मृतीचे दहन लागते.

तरीही मन बदलण्याची बाजू मी सोडणार नाही, कारण नियम अखेर माणसेच पाळतात किंवा मोडतात. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरला विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी गावोगावच्या लोकांना विनवले होते. विरोध करणाऱ्यांना त्यांनी शत्रू म्हटले नाही, आणि मागणी तसूभरही कमी केली नाही. दहा दिवसांनी मंदिर खुले होण्याची खात्री मिळाली आणि उपोषण सुटले. याला फार उशीर झाला होता, हेही तितकेच खरे. त्याच्या बारा वर्षे आधी, १९३५ मध्ये, येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले होते. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनी समोरच्याचे मन वळेपर्यंत वाट पाहावी, असे सांगण्याचा अधिकार मन वळायचे राहिलेल्यांना मुळीच नाही.