संकटकाळी आधी प्रार्थना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना वंदन करून विषयाला हात घालतो. मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक येणार म्हटल्यावर एखाद्या संतकवीवर किंवा कादंबरीवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र मराठी ख्रिस्ती घरांतील एका सवयीविषयी बोलणार आहे. घरावर संकट आले की आधी प्रार्थना करायची आणि मग बाकीच्या गोष्टींना लागायचे, ही ती सवय. मी अशाच घरात वाढलो. त्यामुळे या सवयीवर घेतले जाणारे आक्षेप मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आणि ते सगळेच पोकळ असतात असेही मला वाटत नाही.

मुख्य आक्षेप असा : आधी प्रार्थना म्हणजे आधी टाळाटाळ. आग लागली असता विहिरीकडे धावायचे की डोळे मिटून बसायचे? २०२०-२१ च्या साथीत हा प्रश्न पुष्कळांनी पुष्कळ तऱ्हांनी विचारला. देवळे, मशिदी, चर्च, सगळी बंद होती आणि दवाखाने तेवढे उघडे होते. मग माणसाने पहिल्याने कोणाकडे जायचे ते ठरलेच, असे काहींचे म्हणणे होते. या आक्षेपाला तत्त्वज्ञानाच्या अंगाने उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही. माझे क्षेत्र भाषेचे आणि वाङ्मयाचे. तेव्हा एक शब्दांची गोष्ट आणि एक बाईची गोष्ट, एवढ्यावरच मी भागवणार आहे.

आधी शब्द. देवाला हाक मारण्यासाठी मराठीत किती क्रियापदे आहेत पाहा. आपण नवस बोलतो, साकडे घालतो, गाऱ्हाणे घालतो, करुणा भाकतो, धावा करतो. हे सगळे एकच नव्हे. नवसाला अट असते. अमुक झाले तर तमुक वाहीन. साकडे घालताना आपण देवालाच पेचात धरतो. गाऱ्हाण्यात तक्रार असते आणि तक्रार करायला नाते लागते. परक्या माणसाकडे कोणी गाऱ्हाणे नेत नाही. धाव्यात तर देण्यासारखे काहीच हाती उरलेले नसते, फक्त हाक असते. ख्रिस्ती माणूस ज्याला प्रार्थना म्हणतो ती या यादीत कोठे बसते? ती गाऱ्हाण्याच्या आणि धाव्याच्या शेजारी बसावी, असे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात ती अनेकदा नवसाच्या रांगेत जाऊन उभी राहते, आणि हे मी आमच्या मंडळींविषयीच बोलतो आहे. मूल पास होऊ दे, मग चर्चला पंखा देतो, असे बोलणारे मी पाहिले आहेत. उलट देवाशी भांडण्याचा, त्याच्यापुढे मन उघडे करण्याचा खरा मराठी सूर तुकोबांच्या अभंगांत सापडतो. नारायण वामन टिळक स्वतः तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते याच अर्थाने. तेव्हा मला करायचा आहे तो भेद हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यातला नाही. तो देवाशी सौदा करणे आणि देवाशी बोलणे यांच्यातला आहे.

आता बाईची गोष्ट. पंडिता रमाबाईंचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. आपल्या भूमीशी त्यांचा जो संबंध आला, तो मात्र फारसा सांगितला जात नाही. तुकईथड या नावात मराठी कानाला देवीचे नाव आणि नदीचा काठ ऐकू येतो, पण राज्य मध्यप्रदेश. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा निमाड मध्यप्रांतात होता. १८९६ साली पाऊस गेला आणि १८९६-९७ चा मोठा दुष्काळ त्या प्रांतावर कोसळला. पुण्याहून रमाबाई या दुष्काळात आल्या, त्या मध्यप्रांतातील गरीबखाने आणि मदतछावण्या पाहत फिरल्या. त्यांच्या आयुष्याला येथून नवे वळण लागले.

त्यांना दुष्काळ पुस्तकातून ठाऊक नव्हता. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीने १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात आपले घर डोळ्यांदेखत संपताना पाहिले. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, पुराणे सांगत तीर्थाटन करणारे. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि व्रतांत सरले, भिक्षा मागायची सवय नाही, मजुरी ठाऊक नाही. अकरा दिवस या कुटुंबाने पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढले, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण गेली. उरली ती आणि भाऊ श्रीनिवास. भाऊही १८८० मध्ये वारला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी गेले.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण खरा प्रश्न येथे आहे. रमाबाईंच्या आईवडिलांनी संकटात देवाला हाक मारली नव्हती काय? तेवढेच तर त्यांनी केले. जवळ होते ते सर्व त्यांनी देवाधर्माला वाहिले आणि उपासमारीने ते मेले. ज्या मुलीने हे पाहिले, तिने पुढच्या संकटात प्रार्थनेचे नावही काढायचे नाही, हेच स्वाभाविक ठरले असते. काही काळ झालेही तसेच. जुनी श्रद्धा गळून पडली. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला; पण त्यानंतरही आपली श्रद्धा बराच काळ बुद्धीपुरतीच होती, असे त्यांनीच पुढे सांगितले. अशा बाईने वयाच्या अडतिसाव्या वर्षी काय केले ते पाहा.

१८९६ साली, दुष्काळाची चाहूल लागण्यापूर्वी, त्या लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यास गेल्या होत्या. पहाटे एकट्याच रानात जाऊन त्यांनी प्रार्थना केली. तेव्हा त्यांच्या आश्रयाला असलेल्यांपैकी पंधरा मुली ख्रिस्ताच्या झाल्या होत्या. पुढील मेळाव्यापर्यंत या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस व्हाव्यात, अशी त्यांची मागणी. गणिताची ही तऱ्हा मला गमतीची वाटते. शास्त्र्याची लेक देवाजवळही हिशेबाने मागते! पण त्या वेळचे वास्तव लक्षात घ्या. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यास आलेले त्यांचे शारदासदन अमेरिकेतील मित्रांच्या मदतीवर चालत होते, त्या मदतीची हमी दहा वर्षांचीच होती आणि ती १८९८ मध्ये संपत होती. मागितले होते ते देण्याची ऐपत मागणाऱ्या बाईत नव्हती.

मग दुष्काळ आला. रमाबाई प्रथम कचरल्या. हाती पैसा नाही, जागा नाही. पण आपण स्वतः त्या भुकेतून वाचलो आहोत, ही आठवण त्यांना बसू देईना. प्रार्थनेत त्यांनी जो निर्णय केला तो असा की आधी निघायचे. मध्यप्रांतात त्यांनी हाडांचे सापळे झालेली मुले पाहिली. छावण्यांतून तरुण मुलींवर टपून बसलेली माणसेही पाहिली, आणि हे दुसरे त्यांना पहिल्याहून भयंकर वाटले. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका तेथून सोडवून आणल्या.

आणल्या, पण ठेवायच्या कोठे? १८९७, पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या नव्या माणसांना ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई. पुण्यापासून चौदा-पंधरा कोसांवर केडगावला शाळेच्या पुढील खर्चाची सोय म्हणून रमाबाईंनी जमीन घेऊन झाडे लावली होती. तेथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्तिसदनाचा जन्म असा झाला. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, माग बसवले, तेलाचे घाणे, शेती, गोठा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण. ही सर्व कामे मुलींनीच करायची आणि शिकायची. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र अभ्यासले होते. म्युलर अनाथालयासाठी कोणापुढे हात पसरत नसे, प्रार्थना करी. आणि दरवर्षी पै पैचा जमाखर्च छापून लोकांपुढे ठेवी. यातले दुसरे वाक्य आमची मंडळी सांगायला विसरतात म्हणून मी मुद्दाम सांगितले.

आक्षेप घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. त्याच प्लेगच्या काळात शारदासदनातील एका मुलीला सरकारी रुग्णालयात नेण्यात आले. तेथील व्यवस्थेवर आणि स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयीच्या बेपर्वाईवर रमाबाईंनी १८९७ च्या मे महिन्यात ‘बाँबे गार्डियन’ या पत्रात कडक शब्दांत लिहिले. राज्य ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे, पत्र ख्रिस्ती लोकांचे, लिहिणारी ख्रिस्ती. तरी तिने सरकारला सोडले नाही. ते प्रकरण विलायतेपर्यंत गाजले. गुडघे टेकणारी बाई अधिकाऱ्यापुढे मान तुकवीलच, असा ज्यांचा समज असतो त्यांनी हे पत्र लक्षात ठेवावे. इंग्लंडातील गुरुस्थानी असलेल्या भगिनींचे धर्माधिकारही तिने मुकाट्याने मानले नव्हते. जो मनुष्य सर्वांत आधी देवाशी बोलून येतो, त्याला नंतर भेटणाऱ्या साहेबाचे भय थोडे कमी वाटत असावे.

बायबलात नहेम्याची कथा आहे. शूशन येथील राजवाड्यात तो राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमेचा कोट पडल्याची वार्ता आली तेव्हा तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. काही महिन्यांनी राजाने विचारले, तुला काय हवे? विचारणे आणि उत्तर यांच्यामधल्या क्षणात तो पुन्हा मनात प्रार्थना करतो आणि मग सरळ मागतो ते काय, तर अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे आणि इमारतीसाठी लाकूड! यरुशलेमेस पोचल्यावर रात्री एकट्याने फिरून तटाची पाहणी करतो. एका हाताने काम आणि दुसऱ्या हाती शस्त्र, असा तो तट बावन्न दिवसांत उभा राहतो. प्रार्थनेने त्याचे काम थांबवले नाही; घाबरून हातपाय मारण्यापासून मात्र त्याला थांबवले. ‘आधी’ या शब्दाचे मोल मला तेवढेच दिसते, आणि ते थोडे नाही. संकटात माणूस जे पहिले पाऊल टाकतो ते बहुधा भयाने टाकलेले असते.

१९०५ साली मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट उसळली; शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या. जगभर तिचा गाजावाजा झाला आणि टीकाही. माझा पिंड शांत उपासनेचा, त्यामुळे ते वर्णन वाचताना मी अवघडतो. पण त्या मुली कोठून आल्या होत्या याचा विचार केला की वाटते, ज्यांनी भुकेत आईबाप गमावले आणि रडण्याइतके बळही ज्यांना उरले नव्हते, त्यांना रडायला एक जागा मिळाली असेल.

प्रार्थना करून मागितले ते मिळतेच, असे मी म्हणालो नाही. गेथशेमाने बागेत स्वतः येशूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, आईचा उजवा हात, संस्थेची पुढची आशा, १९२१ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारली. त्या आईने लेकीसाठी काय काय मागितले असेल ते सांगायला नको. लोणावळ्यास सव्वादोनशे मागून त्याहून जास्त मिळालेल्या बाईला येथे एक मागून तीही मिळाली नाही. दुष्काळातला जुना प्रश्न पुन्हा समोर उभा होता. या वेळी श्रद्धा गळून पडली नाही. का, याचे उत्तर मला रमाबाईंच्या लेखनापेक्षा त्यांच्या दिनक्रमात सापडते. सौदा फसला की दुकान बदलता येते. नात्यात गाऱ्हाणे नेता येते, रुसता येते आणि तरी दुसऱ्या दिवशी बोलणे चालू राहते. त्या बायबलच्या भाषांतराकडे परतल्या.

या भाषांतराविषयी दोन शब्द, कारण येथे मी माझ्या घरच्या अंगणात आहे. ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटले, तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून मुद्दाम असे मराठी लिहिले की ज्यात संस्कृत शब्दांचा भार नसावा; दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरे ओळखू लागलेल्या बाईला ते कळावे. वाङ्मय म्हणून पाहिले तर ते पुष्कळ ठिकाणी खडबडीत आहे. मूळाला इतके घट्ट धरले आहे की मराठीचा ओघ तुटतो. टिळकांच्या कवितेतले लाघव तेथे शोधू नये. पण हे मराठी कोणासाठी आहे ते विसरून त्याची परीक्षा करणे मला योग्य वाटत नाही. शिकलेल्याची मध्यस्थी न लागता आपल्याच तोंडच्या शब्दांत देवाशी बोलता यावे, ही सोय गरिबाला करून द्यायची तर कोणीतरी पांडित्य बाजूला ठेवावे लागते.

शेवटच्या काळात प्रकृती ढासळली, मुद्रिते तपासायची राहिली होती. काम पुरे होण्यापुरते दहा दिवस त्यांनी देवाजवळ मागितले आणि दहाव्या दिवशी, काम संपवून, त्या गेल्या, असे मुक्तीची परंपरा सांगते. ५ एप्रिल १९२२ हा त्यांच्या मृत्यूचा दिवस. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावहून प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात तेथल्याच मुलींनी जुळवले आणि छपाईही त्यांनीच केली.