थेस्पिएचा अजगर



ग्रीक राक्षसकथा म्हटल्या की हेराक्लिस, थीसियस ही नावे पुढे येतात. ते साऱ्या ग्रीसचे वीर. पण तिथल्या डोंगराळ मुलखात गावोगावचा राक्षस निराळा आणि त्याला मारणाराही निराळा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा प्रवासी ग्रीसभर हिंडला आणि लोक सांगतील ते त्याने लिहून ठेवले. त्यातली एकच कथा आज सांगतो.

हेलिकॉन पर्वताच्या पायथ्याशी थेस्पिए नावाचे नगर होते. एका अजगराने ते उजाड करीत आणले. देवाची आज्ञा झाली की, दर वर्षी चिठ्ठ्या टाकून एक तरुण त्याला द्यावा. आपल्याला बकासुर आठवला असेल. पण एकचक्रेला भीम लाभला. गाडाभर अन्न फस्त करून, राक्षसाला लोळवून तो घरी परतला. थेस्पिएला भीम नव्हता. एके वर्षी चिठ्ठी निघाली क्लेओस्ट्राटसची. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मेनेस्ट्राटसने काशाचे चिलखत करवून घेतले. चिलखताच्या प्रत्येक पत्र्यावर मासे धरायचा गळ, टोक वर वळलेले. ते अंगावर चढवून तो आपखुशीने अजगरापुढे गेला. झुंजायला नव्हे, गिळले जायला! आपण मरू, पण हाही मरेल, एवढाच त्याचा हिशेब. गावातल्या झ्यूसला तेव्हापासून ‘तारणारा’ म्हणू लागले.

डेल्फीजवळच्या डोंगरातही अशीच कथा होती. तिथे युरिबाटसने दुसऱ्याची जागा घेतली, राक्षसिणीला गुहेतून ओढून कड्यावरून फेकले. ती पडली तिथे झरा फुटला. तो वीर मात्र जगला. असो.

मेनेस्ट्राटसच्या आधी जे गेले, त्यांची नावे काय? आठवत नाहीत, असे थेस्पिएकर सांगत. पॉसेनियसने तेही टिपले आहे. मला ही कथा जवळची वाटते ती या एका वाक्यामुळे.

आता इतिहास पाहा. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये थर्मॉपिलीच्या खिंडीत लिओनिडास आणि त्याचे तीनशे स्पार्टन पडले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्यांच्याबरोबर सातशे थेस्पिएकर आपखुशीने मागे राहिले आणि मेले. हेरोडोटस लिहितो की, तीनशेही स्पार्टनांची नावे आपण मिळवली. थेस्पिएकरांपैकी तो दोघांचीच सांगतो: डेमोफिलस आणि डिथिराम्बस. खिंडीत लिओनिडासचे स्मारक १९५५ साली उभे राहिले. थेस्पिएकरांच्या स्मारकाला १९९७ साल उजाडावे लागले.