जन्मतारीख : १ जून

माझी जन्मतारीख १ जून आहे. निदान कागदावर तरी. मिरजेच्या शाळेत नाव घालायला गेल्यावर अब्बा म्हणाले, ‘मोठ्या दुष्काळाचं साल होतं, गुरुजी.’ गुरुजींनी १९७२ धरलं आणि पुढं १ जून लावून टाकलं. आमच्या वर्गात या तारखेचे बरेच जण होते. त्या अंदाजी तारखेवर मी बी.ए. झालो, नोकरीला लागलो. कधी काही अडलं नाही.

काहींचा मात्र जीवच वयावर टांगलेला असतो. जून २००३ मध्ये नाशिक भागात एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जीव गेले. भटक्या जमातीतल्या सहा जणांवर खटला चालला. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं त्यांना फाशी सुनावली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सहाही जणांना फाशीच दिली. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे जालन्याच्या न्यायालयात ठरायला २०१२ साल उजाडलं. तोवर त्याच्या डोक्यावर फाशी होती!

पुढं ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आपलाच निकाल फिरवून सगळ्यांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते. त्या दिशेनं तपासच झाला नव्हता. त्यामुळं न्याय मरणाऱ्यांनाही मिळाला नाही. राज्य सरकारनं प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. सोळा वर्षांचा हिशेब मांडला, तर दिवसाला साधारण ८५ रुपये पडतात.

कायदा नाही असं नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं मुलाला मोफत वकील मिळतो. वयाचा मुद्दा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, निकालानंतरही मांडता येतो. पण तो मांडायचा कुणी? लहान वयात पकडलेल्या पोराला ‘बाळ, तुझं वय काय?’ असं पहिल्याच दिवशी विचारणारा वकील शेजारी उभा हवा. जन्माचा दाखला नसेल, तर शाळेचा दाखला शोधायला जाणाराही हवा.

भरपाईचं तर त्याहून कठीण. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये अशा चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा करा, असं सांगितलं. तो झालेला नाही. सुटलेला माणूस न्यायालयाच्या कृपेवर राहतो, कुणाला पैसे मिळतात, कुणाला नाही. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, तेव्हा आपल्या विधिमंडळालाही पुढाकार घेता येईल. रकमेचं प्रमाण ठरावं, मुदत ठरावी, आणि घर, काम, औषधपाणीही त्यात यावं.

माझ्या गुरुजींनी अंदाजानं का होईना, मला एक तारीख दिली. अब्बांना चार प्रश्न विचारले, ऐकून घेतलं, मग लिहिलं. कोठडीतल्या पोरासाठी सरकारनं एवढं तरी करावं.