एक फोन, दोन स्पीकर आणि अर्धीच मुलाखत

आम्ही गुहागर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. आज आम्ही हप्त्याबद्दल किंवा पापडाबद्दल बोलणार नाही, वायरीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. दीड हात वायरीमुळे आमच्या गटातली सगळ्यांत थोरली आजी आमच्यावर रुसली होती.

झालं असं. आजींची आम्ही मुलाखत घेतली होती. रातांब्याच्या सालींना रसाची पुटं किती द्यायची, आमसुलं कधी काढायची, बाजारात भाव कसा करायचा, सगळं त्यांनी सांगितलं. एक माइक विचारणारीच्या पदराला, दुसरा आजींच्या. ती मुलाखत आषाढातल्या बैठकीत सगळ्यांना ऐकवायची ठरली. बाहेर पाऊस, कौलांवर त्याचा आवाज. निम्म्या बायका पडवीत, निम्म्या माजघरात. एकच स्पीकर मोठ्याने लावला तर जवळच्यांचे कान बसतात आणि लांबच्यांना शब्द कळत नाहीत. म्हणून लहान दोन स्पीकर घेतले, एक पडवीत, एक माजघरात. फोनला लावायला एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल व पांढरी अशा दोन पिना असलेली वायर आणली. पांढरी पडवीतल्या स्पीकरला, लाल माजघरातल्या.

पडवीत आजींचा आवाज खणखणीत. माजघरात मात्र नुसते आमचे प्रश्न, आणि प्रश्नानंतर शांतता. आजी माजघरातच बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझं बोलणं कापलंत होय गो? मग मला विचारलंत कशाला?"

आम्ही काहीच कापलं नव्हतं. फोनची पिन नीट बघा. तिच्यावर काळ्या कड्या असतात. दोन कड्या असतील तर पिनेचे तीन भाग होतात: टोकाला डावा आवाज, मधे उजवा, आणि शेवटचा भाग दोघांचा सामाईक. तीन कड्या असतील तर चौथा भाग माइकचा. डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज जातात, त्याला स्टिरिओ म्हणतात. अॅलन ब्लूमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली यासाठी पेटंटचा अर्ज केला होता. माणसाला दोन कान आहेत, तेव्हा दोन बाजूंनी दोन आवाज आले तर कोण कुठून बोलतंय ते कळतं. पण ही सोय दोन्ही स्पीकरच्या मधे बसणाऱ्यासाठी आहे. आपल्या घरात मधे भिंत असते.

आमच्या रेकॉर्डिंगमध्ये आजींचा माइक डाव्या बाजूला आणि आमचा उजव्या बाजूला नोंदला गेला होता. लाल-पांढरी वायर हे दोन आवाज वेगळे करते. पांढरी डावा नेते, लाल उजवा. वायर आपलं काम चोख करत होती, चुकीची वायर आम्हीच निवडली होती.

आता उपाय सांगतो.

पहिला उपाय फुकटचा. बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेसिबिलिटी' किंवा 'सुलभता' असा भाग असतो. त्यात 'मोनो ऑडिओ' चालू करा. मग डावीकडे आणि उजवीकडे एकच, पूर्ण आवाज जातो. आम्ही त्याच संध्याकाळी हे केलं आणि तीच लाल-पांढरी वायर दोन्ही खोल्यांत चालली.

दुसरा उपाय, वाय आकाराचा जोड. याला एक पिन आणि दोन भोकं असतात. यातून डावा-उजवा दोन्ही आवाज दोन्ही स्पीकरकडे जातात. दुकानात मागताना "हेडफोनचा वाय जोड, दोन्हीकडे स्टिरिओ" असं स्पष्ट सांगा. तिथून स्पीकरपर्यंतच्या वायरीही स्टिरिओच हव्यात. फोनला गोल भोक नसेल तर आधी टाइप-सीचा जोड लागेल.

एक करू नका: लाल आणि पांढऱ्याच्या तारा सोलून एकत्र पिळू नका. दोन्ही बाजू एकमेकींवर जोर लावतात, आवाज बिघडतो. एकत्र करायच्याच असतील तर दुरुस्तीवाल्याकडून प्रत्येक बाजूला रेझिस्टर घालून घ्या.

हे सगळं स्वतःचा वीजप्लग असलेल्या स्पीकरसाठी. फोन त्यांना फक्त निरोप देतो, ताकद ते आपली आपण आणतात. एक निरोप दोघींना सांगितला म्हणून तो अर्धा होत नाही. अॅम्प्लिफायरच्या मागे जोडायच्या साध्या खोक्यांचं तसं नाही. तिथे ताकदच वाटली जाते, वाडीतल्या पंपावर जास्त पाट सोडावेत तशी. खोक्यामागे ओहमचा आकडा लिहिलेला असतो. ८ ओहमची दोन खोकी शेजारीशेजारी, म्हणजे पॅरलल जोडली की भार ४ ओहमचा होतो, चार जोडली की २ चा. आकडा जितका लहान, तितका अॅम्प्लिफायरवर ताण जास्त. अॅम्प्लिफायरवर '४ ते ८ ओहम' लिहिलं असेल तर २ वर जाऊ नका. तो तापतो, बंद पडतो, कधी जळतोही. भाड्याने आणलेला जळला तर पैसे गटाच्या पेटीतून जातात.

आणखी दोन गोष्टी. आपल्याकडचा खारा वारा पिना खातो, त्यांच्यावर हिरवट थर येतो आणि आवाज खरखरतो. काम झालं की पिना कोरड्या फडक्याने पुसा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. स्पीकरमधून सारखी घूंघूं येत असेल तर दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावर लावून बघा. पण त्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधी काढू नका. पावसाळ्यात ती जीव वाचवते.

त्या संध्याकाळी आजींनी मुलाखत पहिल्यापासून ऐकली. शेवटी म्हणाल्या, "मिठाचं सांगायचं राहिलं. ते पुन्हा घ्या." आम्ही लगेच माइक काढले.

तेव्हापासून आम्ही एक नियम केलाय. कार्यक्रम सुरू करण्याआधी एक बाई पडवीत, एक माजघरात आणि एक चुलीपाशी उभी राहते. तिघींनाही दोघांचा आवाज आला, तरच पुढे. चहा करणारीसुद्धा आपल्या गटातलीच आहे. तुमच्याकडेही एकदा असं तपासून बघा.