कटर मशीनपुढे हात सांभाळा



होळी झाली की आपल्याकडे औजारांची डागडुजी सुरू होते. वखराची दांडी, बैलाचे जू, गाडीची साटी, घराच्या दाराची चौकट, एक ना दोन कामे निघतात. बाभळीचा नाहीतर निंबाचा ओंडका घेऊन आपण सुताराकडे जातो. पूर्वी दोघे जण हातकरवतीने दिवसभर लाकूड फाडत. आता टेबलाखाली मोटर, वर गोल पाते, आणि काम घडीभरात. यालाच आपण कटर मशीन म्हणतो.

तुम्ही म्हणाल, मशीन सुताराचे, आम्हाला काय त्याचे? पण मंडळी, पलीकडे फळी धरायला कोण उभा राहतो? आपणच.

शहादा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. जू करायला गेला होता. काम संपले, सुताराने बटन बंद केले. टेबलावर एक तुकडा पडलेला दिसला, तो उचलायला यांनी हात घातला. उजव्या हाताची दोन बोटे गेली. मला म्हणाला, "साहेब, बटन तर बंद होतं!" बटन बंद होते, पण पाते फिरतच होते. मोटरचा आवाज थांबला तरी पाते काही वेळ गुपचूप फिरते, आणि वेगात असले की थांबल्यासारखेच दिसते. आज त्याला वखराची मूठ घट्ट धरता येत नाही, धार काढता येत नाही.

आता या पात्याचा वेग किती ते ऐका. दहा इंची पाते मिनिटाला 2800 फेरे घेत असेल, तर त्याचा दात सेकंदाला सुमारे 37 मीटर धावतो, म्हणजे तासाला सव्वाशे किलोमीटरपेक्षा जास्त. चटका लागला म्हणून हात मागे घेऊ, असे म्हणायला सवडच मिळत नाही.

दुसरा धोका लाकूड उसळण्याचा. पात्याचे पुढचे दात लाकडाला खाली दाबतात, पण मागचे दात वर येत असतात. फळी तिरकी झाली किंवा चीर मिटून पाते आवळले गेले, की मागचे दात फळी उचलून चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. हे टाळायला पात्याच्या मागे चीर उघडी ठेवणारी पोलादी पट्टी असते. गावात बनवलेल्या पुष्कळ टेबलांवर ही पट्टी नसते आणि पात्यावर झाकणही नसते. नसेल तर बसवून घ्या. खर्च थोडा आहे, हात मोलाचा आहे.

आता नियम सांगतो, ध्यानात ठेवा.

1. पलीकडे उभे राहाल तर फळीला फक्त खालून आधार द्या, ओढू नका. तुम्ही ओढले की सुताराचा हात फळीबरोबर पात्याकडे जातो. ढकलणारा एकच असावा.

2. पात्याच्या अगदी सरळ रेषेत उभे राहू नका, जरा बाजूला राहा.

3. पाते लाकडाच्या वर पाव इंच दिसेल इतकेच ठेवा. उगाच उंच काढू नका.

4. हात पात्यापासून वीतभर दूर राहिला पाहिजे. अरुंद तुकडा असेल तर टोकाला खाच पाडलेल्या काठीने ढकला. ही काठी टेबलालाच टांगून ठेवा.

5. लाकूड कडेच्या पट्टीला टेकवूनच चालवा. वेडेवाकडे, गोल लाकूड नुसत्या हातात धरून पात्यावर घालू नका. ते आधी एका बाजूने सपाट करून घ्या.

6. जुन्या चौकटीचे, गाडीचे लाकूड असेल तर खिळे आधी उपटा. खिळ्यावर पाते आदळले तर दात तुटून डोळ्यात जातो. चष्मा लावा.

7. सोगा, उपरणे, पदर, ओढणी आवरून घ्या. हातातले कडे काढा. हातमोजे घालू नका, ते पात्यात अडकून हात ओढतात.

8. वीज गेली की आधी बटन बंद करा. हा नियम आपल्याकडे फार महत्त्वाचा. बटन चालूच राहिले आणि वीज अचानक आली, तर टेबल साफ करणाऱ्याचा हात पात्यात जातो. पाते बदलताना तर जोडणीच काढून ठेवा.

9. थोडी घेतली असेल तर त्या दिवशी मशीनजवळ जाऊ नका. पोरांनाही भुसा गोळा करायला मशीन चालू असताना पाठवू नका.

एवढे करूनही अपघात झालाच तर काय करावे? जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा. हळद, चुना, तंबाखू, भुसा काही भरू नका. बोट तुटले असेल तर भुशात शोधा. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, मांस गारठून मरते. लगेच 108 ला फोन करा. बोट पुन्हा जोडता येईल की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण वेळ दवडला तर त्यांच्याही हातात काही उरत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून घाट उतरायलाच कितीतरी वेळ जातो, म्हणून तिथल्या मंडळींनी तर मुळीच थांबू नये.

अपघातात हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ताबडतोब करा. कागदपत्रांना उशीर करू नका.

पण पैशाने हात परत येत नाही. बैल म्हातारा झाला तर दुसरा घेता येतो, दांडी मोडली तर नवी करता येते. हात मात्र दोनच. तेव्हा उद्या सुताराकडे जाल तर एवढे एक करा. बटन बंद झाल्यावर पाते पूर्ण थांबेपर्यंत हात पाठीमागे बांधून उभे राहा. कोणी हसले तर हसू द्या.