पानाच्या कडेची जागा

शाळेच्या वहींत डाव्या हाताला जी तांबडी उभी रेघ असते, तिच्या पलीकडे लिहूं नये असें प्रत्येक मुलाला आरंभींच सांगण्यांत येतें. त्या रेघेपलीकडे प्रश्नाचा आंकडा यावयाचा आणि मागाहून गुरुजींचा शेरा यावयाचा. कागदाची एवढी जागा फुकट कां घालवावयाची, हा प्रश्न मुलांना पडतो, आणि वहीचे पैसे देणाऱ्या वडील मंडळींनाही पडतो. या सोडलेल्या जागेला मराठींत समास म्हणतात. व्याकरणांतला समास शब्दांना एकत्र आणतो. दासबोधांतला समास म्हणजे प्रकरण, आणि त्या ग्रंथांत असे दोनशें समास आहेत. ते दोन्ही भरलेले. पानाचा समास तेवढा रिकामा. परंतु तो कोठें ठेवावा आणि त्यांत काय घालावें, याचा विचार जुन्या लेखनिकांनीं फार बारकाईनें केलेला होता.

ज्यांच्या घरीं जुनी हस्तलिखित पोथी असेल त्यांनीं ती एकदां या दृष्टीनें उलगडून पाहावी. पान आडवें व लांबट. दोन्ही टोकांस दोन दोन तांबड्या उभ्या रेघा आणि त्यांच्या आंत मजकूर. बहुधा पानाच्या मागल्या अंगास, डाव्या समासांत वर ग्रंथाच्या नांवाचीं आद्याक्षरें व पानाचा आंकडा, आणि उजव्या समासांत खालीं पुन्हा तोच आंकडा, पुष्कळदां 'राम' या दोन अक्षरांसह. हा निव्वळ भाविकपणा नव्हे. पोथीचीं पानें शिवलेलीं नसत. वाऱ्याची झुळूक आली किंवा पोथी हातून निसटली, कीं सारीं पानें सुटीं. अशा वेळीं कडेचीं तीं चार अक्षरें नसतील, तर भागवताचें पान गुरुचरित्रांत जावयाचें आणि पारायण करणाऱ्याला तें ध्यानांत येण्यास अर्धा घटका लागावयाची.

लिहितांना एखादा शब्द सुटला, तर लेखनिक त्या जागीं काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण करी, आणि सुटलेला शब्द जवळच्या समासांत लिहून त्यापुढें ओळीचा आंकडा घाली. चुकीचें अक्षर पिवळ्या हरताळानें झांकण्यांत येई. एखाद्या गोष्टीवर 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार तेथूनच आला. चूक झांकावयाची ती मजकुरांत आणि भर घालावयाची ती कडेला, अशी ही वांटणी होती. ओळींच्या मधल्या फटींत बारीक अक्षरें कोंबून वाचणाऱ्याचे डोळे फोडण्यापेक्षां ही रीत कितीतरी सभ्य.

समासाची खरी कसोटी लागे ती मात्र टीकाग्रंथांत. मूळ श्लोक पानाच्या मध्यभागीं ठळक अक्षरांत आणि टीका वर व खालीं बारीक अक्षरांत, अशा पोथीला त्रिपाठ म्हणत. टीका डाव्या-उजव्या समासांतही उतरली, म्हणजे पोथी पंचपाठ झाली. टीका मुळाच्या दसपट असो, डोळा प्रथम मुळावरच जातो. हें त्या मांडणीचें सारें मर्म. लेखनिकाला आधीं हिशेब करावा लागे कीं या पानावर मूळ किती आणि विवरण किती. तो चुकला, कीं श्लोक एका पानावर आणि त्याचा अर्थ तिसऱ्या पानावर. नुसत्या वळणदार अक्षरानें हें काम होत नसे.

यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांतही हाच प्रश्न होता. व्हेनिस शहरीं डॅनियल बाँबर्ग नांवाच्या ख्रिस्ती मुद्रकानें १५२० ते १५२३ या काळांत त्यांचा तालमूद ग्रंथ छापला. मध्यें मूळ, शिवणीकडच्या समासांत अकराव्या शतकांतील टीकाकार राशी याचें विवरण, आणि बाहेरच्या समासांत त्याच्या मागून झालेल्या पंडितांची चर्चा, अशी त्याची मांडणी आहे. पांचशें वर्षें लोटलीं, तरी त्या ग्रंथाच्या आवृत्त्या अजून बहुधा त्याच मांडणीनें व त्याच पृष्ठांकांनीं निघतात. पानाचा आंकडा सांगितला, कीं दूर देशींचा अभ्यासकही तेंच वाक्य काढतो.

कडेचा मजकूर बारीक अक्षरांत असतो, म्हणून तो निरुपद्रवी असतो असें मात्र कोणी समजूं नये. १५६० सालीं जिनीव्हा येथें छापलेल्या इंग्रजी बायबलाच्या समासांत टीपा होत्या. मिसरच्या राजाची आज्ञा सुइणींनीं मोडली ती योग्यच होती, असा एका टीपेचा आशय. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें १६०४ च्या परिषदेंत त्या टीपांवर राजद्रोहाचा ठपका ठेवला. नव्या भाषांतराच्या समासांत हिब्रू व ग्रीक शब्दांच्या खुलाशाखेरीज टीपा नसाव्या, असा नियम झाला, आणि १६११ चें बायबल त्याप्रमाणें निघालें. मूळ ग्रंथाला हात लावण्याची सोय नव्हती. राजानें समास तेवढा गप्प केला.

समासाच्या रुंदीविषयीं विल्यम मॉरिस या इंग्रज कलावंतानें १८९३ मध्यें एका व्याख्यानांत नियम सांगितला. समोरासमोरचीं दोन पानें मिळून एक आकृति मानावी. शिवणीकडचा समास सर्वांत अरुंद, वरचा त्याहून रुंद, बाहेरचा त्याहूनही, आणि तळचा सर्वांत रुंद. शिवणीजवळचे दोन समास डोळ्यांना मिळून एकच पट्टा वाटतात, म्हणून ते लहान चालतात. पण अरुंद म्हणजे नाहींसा नव्हे. कागद वांचविण्याच्या हव्यासानें कित्येक मुद्रक ती बाजू इतकी खातात, कीं पुस्तक दोन्ही हातांनीं फांकवून धरल्यावांचून ओळींचीं टोकें दिसत नाहींत. तसल्या पुस्तकाच्या बाहेरच्या कडेला पुन्हा वेलबुट्टी असते! वाचकाला हवा असतो प्रकरणाचा धागा, कठीण शब्दाचा अर्थ आणि अंगठा ठेवण्यास जागा. वेल त्यानें कोठें मागितलेला असतो?

पुस्तक पुन्हां बांधतांना कडा सारख्या करण्यासाठीं सुरी चालवितात, आणि तिच्याबरोबर कित्येक पिढ्यांच्या टांचणांचीं अर्धीं अर्धीं अक्षरें उडून जातात. फ्रान्समधील गणिती पीएर द फेर्मा याच्या प्रतीचें तर याहून वाईट झालें. डायोफँटसच्या अंकगणिताच्या १६२१ च्या आवृत्तीच्या समासांत त्यानें, बहुधा १६३७ च्या सुमारास, एक सिद्धान्त टिपला आणि सिद्धता मोठी सुंदर आहे, पण या समासांत ती मावत नाहीं, असें लिहून ठेवलें. १६६५ त तो वारला. ती सिद्धता कोणालाच सांपडली नाहीं. सिद्धान्त खरा असल्याचें अँड्र्यू वाइल्स यानें दाखविलें तें १९९४ मध्यें, आणि तें अगदीं निराळ्या, अर्वाचीन साधनांनीं. फेर्माच्या हातची ती प्रतही आज उपलब्ध नाहीं. त्याचा मुलगा सॅम्युएल यानें १६७० सालीं तें पुस्तक पुन्हां छापलें, म्हणूनच ती टीप राहिली. आणि छापतांना त्यानें वडिलांचीं टिपणें समासांतून उचलून आंत, मुख्य मजकुराच्या ओळींत, ज्या त्या प्रश्नाखालीं बसविलीं.