उतारवयातला नेम

आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. या सोहळ्यात दोन शब्द बोला, असा मंडळींनी आग्रह केला. आम्ही कीर्तनकार नाही, प्रवचनकार नाही. पुण्याच्या पेठेत राहणारी दोन म्हातारी माणसं. तेव्हा आमचं काय चुकलं आणि ते कसं सावरलं, तेवढंच सांगतो.

आम्ही पुष्कळ वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी चाललो. एकही वारी चुकली नाही, हे आम्ही येईल त्याला ऐकवायचो. मग एका वर्षी दिवे घाटात हा हिशेब थांबला. पुण्याहून सासवडपर्यंतची वाटचाल सुमारे ३० किलोमीटरची, त्यात एकादशी. गुडघे आधीपासून दुखत होते, पण घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर मुलं सोडणार नाहीत, ही भीती. घाटाच्या मध्यावर जे बसलो, ते उठता येईना. मंडळींनी उचलून एका गाडीत वळकट्यांवर बसवलं. सासवड येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

रात्री मुक्कामी एक वृद्ध विणेकरी जवळ येऊन बसले. म्हणाले, "अहो, दिवे घाटात माऊलींच्या रथालाही जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. रथाची वारी मोडली, असं कुणी म्हणतं का?"

त्या रात्री कळलं, की गुडघ्यांपेक्षा आमचा अभिमान जास्त दुखत होता.

पुढे २०२० साल आलं. सगळ्यांचीच पायी वारी थांबली. संतांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. तरणीताठी माणसंही घरात बसली. पण नेम कुणी सोडला नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घरी हरिपाठ म्हटला. तेव्हा आम्ही ठरवलं, की पुन्हा बाहेर पडता आलं की वारी आपल्याच दारातून सुरू करायची.

ज्ञानोबारायांची पालखी पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात उतरते, तुकोबारायांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. मुक्कामाला तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण देव वर्षभर तिथेच असतो ना! आता आम्ही रोज पहाटे, रस्त्यावर टेम्पो-रिक्षांची गर्दी व्हायच्या आत निघतो. दोन्हीकडे दर्शन घेऊन, फिरून घरी येईपर्यंत सुमारे दोन किलोमीटर चाल होते.

चालताना आधी हरिपाठ म्हणायचो. डोळे मिटायचे, आणि पुण्याच्या रस्त्यात डोळे मिटून कसं चालणार? आता वाटेनं नुसतं नाम घेतो. दम लागून नाम तुटायला लागलं, की पाय आवरायचे आणि पारावर टेकायचं. हरिपाठ संध्याकाळी, घरात, नातवंडांना शेजारी घेऊन.

एकदा आम्ही हिशेब मांडला. रोज दोन किलोमीटर म्हणजे वर्षाला ७३० झाले. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५०. म्हणजे वर्षात जवळजवळ तीन वाऱ्या! लगेच शेजाऱ्यांना सांगायला निघालो, आणि उंबऱ्यातच हसू आलं. जुना अभिमान काठी टेकत पुन्हा आला होता. तेव्हापासून मोजणं बंद केलं.

आता साधेपणाचं. वारीत आपलं सामान किती? एक वळकटी, दोन जोडी कपडे, तांब्या, टाळ आणि हरिपाठाची पोथी. तेवढ्यावर तीन आठवडे आनंदात जातात. घरी मात्र आमची तीन कपाटं भरलेली. मुलांना विचारून एकेक कपाट रिकामं केलं. पितळेची मोठी भांडी दिंडीच्या स्वयंपाकाला दिली, चांगली पांघरुणं गरजूंना. फाटकं दिलं तर ते दान कसलं? ती अडगळ काढणं झाली.

साधेपणाचा खरा धडा मात्र सूनबाईनं दिला. एकादशीला आम्हाला साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याच्या फोडी असं सगळं लागायचं. ती बिचारी नोकरी सांभाळून पहाटे चारला उठायची. एके दिवशी म्हणाली, "आई, बाबा, उपास तुमचा आणि दमणूक माझी." शब्द लागला, पण खरा होता. आता एकादशीला थोडी भगर, दूध आणि एखादं फळ, तेही आम्हीच करून घेतो. साखरेच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच उपास धरतो. ज्याला झेपत नाही, त्यानं साधं जेवून नाम घ्यावं. विठोबा रागावत नाही.

म्हाताऱ्या वारकऱ्यांनो, दुखणं लपवून घाट चढू नका. गावी असाल तर मारुतीच्या देवळापर्यंत चाला, पण रोज चाला. आणि तरुण मंडळींना विनंती, एखादा म्हातारा मागे राहिला तर त्याची वारी सुटली, असं म्हणू नका. त्याला बैलजोडी लावा.

पालखी पुण्याहून सासवडकडे निघते, त्या पहाटे आम्ही पुलगेटपर्यंत तुमच्याबरोबर येतो. तिथे पताकेला हात जोडतो आणि दिंडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहतो. पहिल्या वर्षी फार रडू आलं. आता दोन्ही विठोबांचं दर्शन घेऊन घरी परततो. संध्याकाळी नातवंडं हरिपाठाला वाट बघत असतात.

रामकृष्ण हरी!